पाच पाच पाच पाच

रमजानभर हॉटेलातला बँड बंद.
क्रिसांतोला पगार निम्मा,
मला फुकटचा मास्तर.

मुहर्रकच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्यांमध्ये
रंगाचे दोन डबे उपडे घालून बसतो.
इफ्तारची तोफ केव्हाच झालेली.
जिन्यातून पारकर ओरडतो :
हळू रे बाबांनो, लोक तरावीहला निघालेत!
म्हणून अँप नाही. नुसती लाकडाची कुजबुज.

"एक बोट," क्रिसांतो म्हणतो. "पाचवी फ्रेट. बारीक बाजूच्या चार तारा."
पाच पाच पाच पाच.
दाराला अडसर घालावा तसं आडवं बोट.
पंचम, षड्ज, गंधार, धैवत.
मी पेटी शिकलेला माणूस, मला सूर असेच मोजता येतात.
कागदावर तो लिहितो सी सिक्स्थ.
तोंडाने म्हणतो, घर.

आता सात सुरांचा जिना उतर, टाळीवर.
उतरतो.
तिसऱ्या वळणाला पाऊल अधांतरी,
टाळी एकीकडे, घर दुसरीकडे.
हसतो तो. पंचम आणि धैवताच्या फटीत
एक जादा सूर सरकवतो,
सातजणांच्या खोलीत आठवी खाट घुसवतात तसा.
कोमल धैवत, आणि त्याला खेटून शुद्ध?
आमच्या गुरव मास्तरांनी छडीच काढली असती.
पण उतरून बघतो, तर
टाळीवर सा, टाळीवर ध, टाळीवर प, टाळीवर ग.
जादा आला म्हणून बाकीचे वेळेवर पोचले.

मग आठांतला एक सोडून एक उचलायचा.
चार घरचे. ते झाले.
उरलेले चार, रे म, तो जादा, आणि नी.
यांचं नाव काय?
तो मान वर करून दाखवतो :
टाक्यांवरून विमान चाललेलं,
इतकं खाली की चाकं मोजावीत.

प्रत्येक बोट एक पायरी वर.
सहा सात सहा सात.
सात नऊ आठ आठ.
नऊ दहा नऊ दहा.
दहा बारा दहा बारा.

तीन रात्री घासल्यावर ध्यानात आलं :
निघायचा आकार बदलत नाही,
तीन फ्रेट पुढे सरकतो, बस्स.
घराचा मात्र दर खेपेला निराळा,
बोटांना पुन्हा शिकवावा लागतो.
हे मी क्रिसांतोला सांगितलं, जरा भारावून.
तो म्हणाला, "लय पडतेय. पाय हलव."

याचा उपयोग काय, विचारलं.
"एकाच कॉर्डवर चार ठोके उभा राहिलास
की गिऱ्हाईक बिल मागतं. म्हणून चाल.
घर, बाहेर, घर, बाहेर. पोचायची घाई नको."
मग माझा हात तसाच ठेवून
त्याने पाचवी तार मोकळी छेडली.
तेच चार सूर, चेहरा उतरलेला.
ए मायनर सेव्हन, म्हणाला.
वरच्यांना नाव नसतं,
खाली कोण उभा आहे, तो ठरवतो.
ड्राय डॉकमध्ये आठ वर्षं, कंपन्या तीन,
कार्डावर हुद्दे तीन,
वेल्डिंगची फोड मात्र याच अंगठ्यावर.

ईदनंतर हॉटेलने डीजे ठेवला.
क्रिसांतो कुठल्याशा बोटीवर लागला.
जाताना चौथ्या तारेचं जुनं वेटोळं देऊन गेला :
अजून वाजते, फेकू नको.

परवा शुक्रवारी इराला फोनवर ऐकवलं.
आधी पंखा ऐकू येतोय म्हणाली, मग नीट ऐकलं.
"संपलं का, बाबा?"
नाही गं, म्हणेपर्यंत रेंज गेली.
पारकर दारात डबा घेऊन उभा.
बोटं अजून तिथेच,
सहा सात
सहा सात.